नंदाच्या चार ओळी

उत्तराने वरच्या खोलीतून ठेका लावला. खाली जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या नंदाच्या लॅपटॉपवर तो जरा उशिराच पोचला. नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या त्या घरात मायलेकी एकाच झूम मीटिंगला दोन मजल्यांवर बसल्या होत्या. एका खोलीत दोन लॅपटॉप लावले की आवाज घुमायचा.

लॉकडाऊन लागल्यापासून रविवारच्या मराठी शाळेतली मुलं कॅमेरे बंद करून गप्प बसायची. म्हणून शाळेच्या सात शिक्षकांना उत्तरा आज रॅप आणि स्पोकन वर्ड, म्हणजे ठेक्यावर म्हणायची कविता, वर्गात कसं वापरायचं ते शिकवत होती. डच शाळांमधल्या शिक्षकांना ती हेच शिकवायची. चांगली नोकरी सोडून हे काय धरलंय, असं नंदा दोन वर्षं म्हणत आली होती. त्या सातांतलीच एक असूनही ती आज बसली ती शाळा चालवणाऱ्या सुचेताताईंनी फार आग्रह केला म्हणून.

मुलांनी जे करावं असं वाटतं ते आधी आपण करायचं, असं उत्तराने सांगितलं. प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या. यमक जुळलं नाही तरी चालेल, गोष्ट खरी हवी. विषय दिला: ‘शाळेच्या दारात’.

आइंडहोवनचा हरीश पहिला म्हणाला. कंपनीत तासन् तास बोलणारा माणूस, पण दुसऱ्याच ओळीला त्याचा ठेका चुकला. तो हसला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. उत्तराने त्याचं कौतुक केलं, एक शब्द गाळायला सुचवला.

“नंदाताई, आता तुम्ही,” ती म्हणाली. सगळ्यांना ती ताई-दादाच म्हणत होती.

नंदाने चष्मा लावला. वहीतून वाचताना तिचं बोट टेबलावर ठेका धरत होतं.

“शाळेच्या दारात बाई काही म्हणाल्या,
सहा वर्षांची लेक माझी डचमध्ये बोलली.
दोघी हसल्या, मग मीही हसले.
कशाला हसलो, ते विचारायला आजवर लाजले.”

तिने वही मिटली. ठेका चालूच राहिला. तो बंद करायचं उत्तराला सुचलं नाही. सुचेताताईंनी माइक सुरू केला आणि तसाच पुन्हा बंद केला.

उत्तराने ठेका थांबवला. घरात ती आईच्या मराठीला डचमध्येच उत्तर द्यायची. आताही डचमध्ये काहीतरी म्हणाली, मग मध्येच थांबली.

“मला आठवत नाही, आई,” ती म्हणाली. “खरंच नाही आठवत. मला वाटायचं, तुला सगळं कळतंय.”

“तसं वाटावं म्हणूनच हसले होते गं,” नंदा म्हणाली.

उत्तराच्या चौकटीत आता नुसती खुर्ची दिसत होती. आणि नंदाच्या माइकमधून सगळ्यांना लाकडी जिना भराभर उतरणाऱ्या पावलांचा आवाज ऐकू आला.