फराओंसमोर फसीख

शम अल-नसीमच्या सणाला आख्खं कैरो बागेत बसून फसीख मासा खातं. आमचे हे मात्र आम्हाला घेऊन निघाले संग्रहालयात! "पोरांना आपले पूर्वज कळू देत," म्हणे. दारातच यांना माझ्या पिशवीतल्या फसीखच्या डब्याचा वास आला.

"हा खारवलेला सडका मासा घेऊन फराओंसमोर जाणार?" म्हणत यांनी डबाच कचऱ्यात टाकला.

आत पोरं भुकेनं रडकुंडीला आली, तरी यांचं व्याख्यान संपेना. थडग्यातल्या एका चित्रापाशी आमची लेक शहीरा थांबली. "बाबा, ही माणसं काय करताहेत?"

पाटी वाचून हे घाईनं पुढच्या दालनाकडे निघाले. मग मीच मोठ्यानं वाचली, "मासे चिरून, मीठ भरून मुरवताहेत."

"म्हणजे फसीख?"

"हो बाई. हे आपले पूर्वज. आणि त्यांचा मासा कचऱ्यात टाकणारे हे तुझे बाबा."