आवाज जसाच्या तसा

शेवटच्या व्हिडिओची फाइल बारीक झाली. भागवत सरांनी मूळच्या मोठ्या फाइली एकदमच निवडल्या, उडवल्या आणि लगेच कचरापेटीही रिकामी केली. मग खुर्चीत मागे रेलून ते स्वतःवरच बेहद्द खूश झाले.

हार्डडिस्क गच्च भरली होती आणि सरांच्या सत्काराचा व्हिडिओ ठेवायला जागा नव्हती. गेल्याच महिन्यात ते जऊळक्याच्या शाळेतून निवृत्त झाले. सत्कार साधासुधा नव्हता. दोन कॅमेरे, वर ड्रोन आणि सरांचं स्वतःचं सव्वा तासाचं भाषण. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. बोलायला लागला की उठून जायची कुणाची छाती नव्हती. ते भाषण काय उन्हात ठेवायचं? सरांनी मोबाइलवर पाहून पाहून व्हिडिओ कमी जागेत बसेल असा बारीक करायची विद्या शिकून घेतली आणि सगळ्यात आधी शिवमचे व्हिडिओ हाती घेतले.

शिवम त्यांचा एकुलता एक. जन्माचा बहिरा, म्हणून मुकाही. पुण्यात नोकरीला होता. दर रविवारी आईला व्हिडिओ पाठवायचा आणि आठवड्याचं सगळं बोटांनी सांगायचा. बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत म्हणून भारी कॅमेऱ्यावर काढायचा, त्यामुळं एकेक फाइल ही एवढी मोठी. दोन वर्षांपूर्वी त्याला ट्रकनं उडवलं. मागून हॉर्न वाजत होता म्हणे.

लेकासाठी वैजयंतीबाई ती बोटांची भाषा शिकल्या होत्या. सरांना वेळ झाला नाही. त्यांना एकच खूण यायची: मिशीला पीळ दिल्यासारखी बोटं ओठावर फिरवली की 'बाबा'. शेवटच्या व्हिडिओत ती चार वेळा होती. "काय म्हणते तो माह्याबद्दल?" असं त्यांनी विचारलं की बाई म्हणायच्या, "शिका न. दोन महिन्यांत येते. त्याच्याच हातानं ऐका." रिटायर झालो की शिकतो, असं सर म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

दुपारची भांडी आवरून बाई लॅपटॉपसमोर बसल्या. रोज एक व्हिडिओ लावायचा आणि पडद्यावरच्या लेकाला बोटांनी उत्तर द्यायचं, हा त्यांचा नेम. आज शिवम हसला, त्यानं हात उचलले, आणि हातांच्या जागी नुसता राखाडी फराटा हलत राहिला. बाईंनी दुसरा व्हिडिओ लावला. मग तिसरा.

"आधीचे कुठी हायेत?"

"उडवले. दोन-दोन ठेवून काय करतं? पाहाय, किती जागा मोकळी झाली!"

"याच्यात बोटं दिसून नाही राह्यले."

"अवं, चेहरा त दिसते. अन् आवाजाले मी धक्का नाही लावला. जसाच्या तसा ठेवला."

खरंच ठेवला होता. शिवमच्या खोलीतला पंखा अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

बाईंनी लॅपटॉप सरांकडे वळवला, तेव्हा कुठं सरांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाईघाईनं शेवटचा व्हिडिओ लावला. पोराचे हात दोन धुरकट गोळे झाले होते. मिशीची खूणसुद्धा ओळखू येईना.

"काय म्हणत होता तो मले?" सरांनी विचारलं. "तुले त पाठ असन. सांग न!"

"पाठ हाये."

बाईंनी पदराला हात पुसले. त्या सरांच्या पुढ्यात बसल्या आणि लेकाचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. त्यानं सांगितलं होतं तसंच, बोटांनी, एकही शब्द न गाळता. सर डोळे फाडून बघत होते. चार वेळा 'बाबा' आलं, तेवढंच त्यांना कळलं.

मग बाईंनी हात मांडीवर ठेवले. सरांसमोर ते पुन्हा कधी उचलले नाहीत.