कोपऱ्यातला नळ

चिठ्ठी मावशींच्या मशीनवर ठेवायची आणि मागे न बघता निघायचं, असं सुपरवायझरने जिन्यातच ठरवलं होतं. तो शिलाईच्या हॉलपर्यंत पोचला. कुणाला कामावरून काढायची ही त्याची नववी चिठ्ठी. पण सवय काही होत नव्हती.

महिन्यापूर्वी त्याच्या लक्षात आलं होतं, की बावीसही बायका दिवसातून तीन-चारदा उठून कोपऱ्यातल्या नळावर जातात, रेंगाळतात आणि परत येतात. त्याने प्रत्येक मशीनवर पाण्याची भरलेली बाटली ठेवली आणि जागा सोडायला बंदी केली.

"साधी अक्कल लागते," तो मालकांना म्हणाला होता.

"साहेब, आता आमच्या वाटचं पाणीही तुम्हीच पिऊन टाका," एक ठेंगणी बाई तेव्हा बोलली होती.

सगळ्यांचं काम वाढलं. फक्त नळाशेजारी बसणाऱ्या मावशींचं घसरलं. रोज चाळीस बाह्या जोडणारी बाई नवावर आली. पस्तीस वर्षं शिवणारी बाई! अंगचोरपणाच, दुसरं काय?

"मावशी..." तो म्हणाला आणि अडखळला. घशाला कोरड पडली होती. चिठ्ठी खिशातच ठेवून तो नळाकडे वळला, हात खाली धरला आणि चावी फिरवली. नळ साधा खाकरलासुद्धा नाही. तोटीच्या तोंडाशी कोळ्याचं जुनं जाळं होतं.

"बाटलीतलं घ्या साहेब," ठेंगणी म्हणाली. "त्याला वर्षभर पाणी नाही."

"मग तुम्ही सगळ्या इथे येत होता त्या कशाला?"

एकेक करून मशिनं थांबली. मावशींनी मात्र मान वर केली नव्हती. सुईपाशी नाक नेऊन त्या दोरा ओवत होत्या. टोक ओठांत ओलं करत होत्या, पुन्हा नेम धरत होत्या. दोरा दर वेळी सुईच्या बाजूने निसटत होता.

सुपरवायझर बघत राहिला. हातातला कपडा बाजूला ठेवून, मावशींच्या दोऱ्यावरची नजर न काढता ठेंगणीने विचारलं,

"साहेब, मिनिटभर उठू का?"