पंचमाची पट्टी

पडद्यावरचा आणखी एक गोल लाल झाला आणि टॅब आपोआप थांबला. प्रेरणाचे बोट अजून पेटीवरच होते.

"आत्या, पंचमाची पट्टी वाजतच न्हाई. नुसता वारा येतोय."

फुलाबाई उंबऱ्याशी बसून नाचणी पाखडत होती. "पावसाळाभर पेटी उघडी टाकली तुझ्या बापानं. दातखीळ बसली तिची," ती म्हणाली.

टॅब शाळेचा होता. सकाळच्या एसटीने बाई तो भोरला परत नेणार होत्या, आणि ज्यांचा शेवटचा धडा पुरा होईल त्यांनाच तिथल्या पेटीच्या वर्गात घेणार होत्या. सुरांचे गोल पडद्यावर खाली सरकत येत. टॅबला सूर बरोबर ऐकू आला तर हिरवे, नाही तर लाल. तीन लाल झाले की धडा बंद. आता एकच खेप उरली होती, आणि वाडीत दुसरी पेटी नव्हती.

प्रेरणाने भाता ओढला. सा, रे, ग, म. चार हिरवे. पाचवा लाल. उतरतानाही तोच लाल.

सूप थांबले. या घरात बायकांनी पेटीला शिवायचे नाही आणि गायचे नाही, हा फुलाबाईच्या वडिलांचा दंडक. तिच्या भावाने, ज्ञानूने, तो लेकीपुरता मोडला होता, बहिणीपुरता नाही. पोरवयात फुलाबाई जात्यावर बसून भिंतीपलीकडची हीच पेटी ऐकायची, ओठ मिटून.

सा, रे, ग, म. पुढचा गोल खाली येऊ लागला. प्रेरणाने बोट टेकवले.

फुलाबाईच्या गळ्यातून सूर निघाला. खरखरीत, पण नेमका.

हिरवा.

प्रेरणा गर्रकन वळली. "माझ्याकडं बघू नगंस. हात चालू दे," फुलाबाई म्हणाली.

दर फेरीला पाचवा गोल यायचा आणि उंबऱ्याशी बसलेली आत्या तो हिरवा करायची. पेटीची लय वाढली. शेवटची फेरी सुरू झाली तेवढ्यात सुपावर सावली पडली.

दारात ज्ञानू उभा होता, डोक्यावर गवताचा भारा. फुलाबाईचा हात पदराकडे गेला. सा. ज्ञानू हलला नाही. रे, ग. प्रेरणाला मागे बघायची सवड नव्हती. म.

गोल खाली येत होता.

फुलाबाईने डोळे मिटले आणि सूर लावला.

टॅबवर अक्षरे उमटली. प्रेरणाने मोठ्याने वाचली, "शाबास. तुमची पेटी सुरात आहे."

ज्ञानूने भारा खाली टाकला. पेटीपाशी येऊन बसला, भाता ओढला आणि पंचमाची पट्टी दाबली. नुसता वारा. पुन्हा दाबली. पुन्हा वारा.

फुलाबाईने सूप उचलले.

"लई वर्सांनी वाजली ही," पट्टीवरचे बोट न काढता ज्ञानू बहिणीकडे बघत म्हणाला.