मनातले आजोबा

“आज पण होते आजोबा,” यशश्रीने दप्तर सोफ्यावर टाकत सांगितलं. “गेटसमोर, शहाळीवाल्याजवळ. तपकिरी स्वेटर घालून.”

शाल्मलीने लॅपटॉप मिटला. “आणि लिफ्टमध्ये?”

“हत्ती होता. थोडा सरकला, मग मी मावले.”

सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात दिवसभर जत्रा भरलेली. पाण्याच्या टँकरमध्ये देवमासा, गच्चीवरच्या टाकीत त्याची बायको. नवरा वारल्यावर शाल्मली पुण्याचं घर सोडून बेंगळुरूला आली, तेव्हापासून मायलेकी दोघीच. शाल्मलीचं ऑफिस घरातच, आणि मजल्यावर खेळायला कुणी नाही. एकटं पोर मनातच माणसं जमवणार, दुसरं काय करणार?

शाल्मलीला मात्र धास्ती वाटायची. आपली म्हणावी अशी ही एकच उरली, तीही हातची गेली तर?

म्हणून ती तिला जयनगरला, समुपदेशक वीणाताईंकडे घेऊन गेली.

“हत्तीबित्ती असू देत, मिसेस सबनीस,” वीणाताई म्हणाल्या. “हे आजोबा कोण?”

“तिच्या बाबांचे वडील. ते नाहीत आता.”

वीणाताईंचा आवाज मऊ झाला. “फार जीव होता का हिचा?”

“फार.”

त्यांनी एक खेळ दिला. डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर डोळ्याला बोट लावायचं, मनातलं असेल तर डोक्यावर हात ठेवायचा. रागवायचं मात्र नाही.

यशश्री हुशार. हत्तीला लगेच डोक्यावर हात. देवमाशाला जरा कुरकुरत, पण डोक्यावरच. आजोबांची वेळ आली की मात्र बोट डोळ्याला.

“ते हात हलवतात, आई. वॉचमन अण्णा त्यांना आत सोडत नाही.”

“आजोबा देवाघरी गेले ना, बाळा?” शाल्मली ते बोट अलगद धरून डोक्यावर न्यायची.

एकदा असं करतानाच फोन टुणकन वाजला. सोसायटीच्या गेटवर कुणी आलं की वाजतो तसा. शाल्मलीने बोट फिरवून तो गप्प केला. “असेल कुठला तरी डिलिव्हरीवाला.”

रोजच्या धारेने दगडही झिजतो, ही तर एवढीशी पोर. एका शुक्रवारी ती शाळेतून आली ती गप्पच. दप्तर आपणहून जागेवर ठेवलं. लिफ्टमध्ये कुणी नव्हतं म्हणाली.

“आणि गेटसमोर?”

“दिसले. मी डोक्यावर हात ठेवला. मग बघितलंच नाही.”

शाल्मलीने तिला घट्ट जवळ घेतलं. सुटल्यासारखं वाटलं तिला, आणि रडूही आलं.

“आई, मनातली माणसं रडतात?”

“कधी कधी.”

“मग त्यांचे डोळे कोण पुसतं?”

शाल्मली म्हणाली, “जा, हातपाय धुऊन ये. उपमा केलाय.”

पोर आत गेली. फोन पुन्हा टुणकन वाजला. अण्णाने गेटवर काढलेला फोटो पडद्यावर आला. मागे शहाळ्यांची गाडी, पुढे तपकिरी स्वेटरातला एक म्हातारा, बाहीने डोळे पुसत असलेला. खाली नाव होतं, रत्नाकर सबनीस. त्याखाली रोजचाच प्रश्न, आत सोडायचं का?

शाल्मलीने रोजच्यासारखं ‘नाही’ दाबलं.