चपला उरल्या नाहीत

"बोट फिरवा! माझे बाबा मागे राहिलेत!"

इंजिनाच्या धडधडीत बोटवालीला आधी ऐकूच आलं नाही. मग तिनं मान वळवली. मधल्या फळीवरचा चष्मेवाला उठून उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक. शेजारची जागा रिकामी. पलीकडे त्याची बायको, बोट लागल्यामुळे ओढणी तोंडावर घेऊन आडवी पडलेली.

"मागे म्हणजे कुठे?"

"वाळूवर."

ती वाळू म्हणजे काही बेटबिट नाही. दोन बेटांच्या मधे ओहोटीला उघडा पडणारा नुसता पट्टा. लोक उतरतात, फोटो काढतात, शिंपले वेचतात आणि भरतीच्या आत निघतात. भरती आली की तिथे वाळू होती असं शपथ घेऊन सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही. आणि भरती तर कधीच लागली होती.

तिनं सुकाणू गर्रकन फिरवलं. लोक एकमेकांच्या अंगावर पडले.

असं झालंच कसं? बोटवाली माणसं मोजत नसे. माणसं हलतात, जागा बदलतात, डोकं फिरवतात. ती चपला बघायची. वाळूवर उतरताना सगळ्यांनी चपला बोटीतच काढायच्या, कारण ओली वाळू चपला गिळते. परत चढलं की ज्यानं त्यानं आपापल्या घालायच्या. ढीग संपला की माणसं आली. एखादा जोड उरला की हिनं शिट्टी मारायची. ही युक्ती आजवर फसली नव्हती. आजसुद्धा एकही चप्पल उरली नव्हती.

चष्मेवाल्याची बायको धडपडत उठली. "बाबा कुठायत? अहो, बाबा कुठायत?"

तिनं फोनसाठी त्याची सॅक ओढली, चेन उघडली, तर आतून चामड्याचा एक जुना जोड खाली पडला. म्हाताऱ्याचा. सगळ्या बोटीनं बघितला.

"ह्या तुझ्या सॅकमधे कशा रे?" बोटवालीनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली. तिला तेवढं पुरलं. एक हात सुकाणूवर ठेवून दुसऱ्या हातानं तिनं त्याच्या कानाखाली जाळ काढला.

"म्हातारा जड झाला होय? म्हणून फिरायला आणलास?"

बायको फळीवरून सरकत सरकत त्याच्यापासून लांब गेली. "डॉक्टरांनी हात टेकले, तरी बाबा म्हणाले, जायचंच. शहर झालं, धबधबा झाला, ते माकडांचं जंगल झालं. चार पायऱ्या चढले की धाप लागायची, पण खाली थांबायचे नाहीत. सगळं डोळे भरून बघू दे म्हणायचे. आणि तुम्ही... तुम्ही असं केलंत?"

"पोलिसांत द्या ह्याला!" मागून एक टोपीवाला गरजला.

"द्या," तो म्हणाला. "खरंच द्या. पण ताई, पाया पडतो तुमच्या, बोट जोरात घ्या."

जोरात काय घेणार? पाणी समोरून येत होतं. इंजिन खोकायला लागलं. बोटवालीनं त्याला लाथ घातली, शिवी घातली, मग हात जोडले. तिन्हींपैकी कशानं तरी ते चाललं.

वाळू नव्हती. नुसतं पाणी, इकडून तिकडे सपाट. तिला लांबवर एक नारळ तरंगताना दिसला. जवळ गेल्यावर कळलं, ते डोकं होतं.

म्हातारा पाण्यात बसला होता. उभा नाही, बसला होता. गळ्यापर्यंत पाणी, बोटीकडे पाठ, तोंड खुल्या समुद्राकडे. बोटवालीनं जीव खाऊन शिट्टी मारली. त्यानं वळून बघितलं नाही, हात वर केला नाही. घाबरून बधिर झाला असेल बिचारा, ती मनात म्हणाली.

बोट थांबायच्या आत चष्मेवाल्यानं उडी टाकली. त्याला पोहता येत नाही हे पहिल्या गटांगळीतच दिसलं. चष्मा गेला. कसेबसे पाय वाळूला टेकले, आणि लाटा तोंडावर घेत तो आंधळ्यासारखा चाचपडत म्हाताऱ्यापर्यंत पोचला. लहान पोराला उचलावं तसं त्यानं बापाला उचललं.

म्हाताऱ्यानं त्याला मारायला सुरुवात केली. डोक्यावर, तोंडावर, जिथे बसेल तिथे. मुठीत जोर नव्हता, पण थांबत नव्हता.

"मारा, आजोबा!" बोटवाली ओरडली. "चांगला बडवा त्याला!"

"सोडू नका!" टोपीवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

मार खात, पाणी गिळत तो बोटीपर्यंत आला. दहा हातांनी म्हाताऱ्याला आत ओढलं. पोराला कुणी हात दिला नाही. तो तसाच काठाला धरून पाण्यात लोंबकळत राहिला.

म्हातारा पुष्कळ वेळ खोकला. सुनेनं ओढणीनं त्याचं तोंड पुसलं, तर त्यानं तिचा हात बाजूला केला, काठावरून खाली वाकला आणि पोराची कॉलर धरली.

"ठरलं होतं ना आपलं? मला इथे ठेवायचं आणि निघून जायचं?" त्याला धाप लागली होती. "अख्ख्या जन्मात एक काम सांगितलं तुला. तेसुद्धा धड जमलं नाही!"