तिला गाडी लागते

भुजंगनं खिडकीतून रुमाल आत टाकला आणि औरंगाबादच्या गाडीत दोन जागा धरल्या. एरवी जालन्याच्या स्टँडवर दुसऱ्याचा रुमाल उचलून भिरकावणारे महाभाग कमी नव्हते. पण पुण्याहून निघालेल्या त्या स्वाईन फ्लूनं आठवडाभरात सगळ्यांना शहाणं केलं होतं. परक्या रुमालाला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

शाळा बंद होत्या, टॉकीज बंद होत्या. नगरपालिकेची रिक्षा भोंगा लावून गल्लोगल्ली फिरत होती. जो तो नाकाला कापूर-वेलचीची पुडी लावून शेजाऱ्याकडं संशयानं बघत होता. स्टँडच्या फाटकात टेबल मांडून बसलेले दोघं प्रत्येकाला विचारायचे, ताप आहे का, खोकला आहे का. हो म्हणणाऱ्याची रवानगी वॉर्डात. तिथून घशाचा नमुना पुण्याला जायचा आणि कागद यायला चार दिवस लागायचे. तोवर आतलं माणूस आत, बाहेरचं बाहेर.

भुजंगनं दोघांच्या वतीनं न्हाई सांगितलं होतं.

बेबीनंदा, त्याची बायको, खिडकीशी बसली. पदर तोंडावर घट्ट धरलेला. त्या आठवड्यात गाडीतल्या साऱ्याच बायांनी पदर तोंडावर घेतले होते. भुजंग मध्ये बसला आणि बाकावरच्या तिसऱ्या जागेवर एक म्हातारी येऊन टेकली. बोलकी होती. नाव सुगंधाबाई, भोकरदनकडची. तिची लेक औरंगाबादेत परवाच बाळंत झाली होती. जावई ट्रकवर, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून ही डिंकाचे लाडू बांधून निघाली होती. बोलता बोलता तिला तंबाखूचा ठसका लागला, तसे पुढचे दोघं उठून दुसरीकडं गेले. म्हातारी हसली.

मग बेबीनंदाकडं बघून तिनं विचारलं, "लेकीला काय होऊन राह्यलं?"

"तिला गाडी लागते," भुजंग म्हणाला.

म्हातारीनं थोडा वेळ निरखून पाहिलं. कमरेची चंची सोडून एक लवंग काढली आणि बेबीनंदाच्या हातावर ठेवली.

गाडी सुटली. भुजंगनं खिशातली डॉक्टरची चिठ्ठी पुन्हा चाचपली. बाराच्या आत औरंगाबाद गाठायचं होतं. बाराला मोठ्या दवाखान्यातली केसपेपरची खिडकी बंद होते, मग काम उद्यावर जातं, आणि उद्यावर ढकलण्यासारखं ते काम नव्हतं.

बदनापूर चार-पाच किलोमीटरवर असताना गाडीत कुणीतरी खोकलं. दबका, कोंडून फुटलेला खोकला. सगळ्या माना भुजंगच्या बाकाकडं वळल्या.

कंडक्टर आबाराव जागेवरून उठला. तसा भला माणूस, पण खोकणारा दिसला की बदनापूरच्या जीपच्या हवाली करायचा, असा त्याला हुकूम होता. मागून कुणी म्हणालं, उतरवा आधी. दुसऱ्यानं री ओढली. बघता बघता सगळी गाडी उतरवा, उतरवा करू लागली.

गाडी बदनापूरच्या स्टँडवर थांबली. दवाखान्याची जीप उभीच होती.

"कोण खोकलं, बराबर सांगा," आबाराव म्हणाला. "न्हाई तर गाडी इथून हालत न्हाई."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. भुजंग घड्याळाकडं बघत होता. शेवटी त्यानं मान खाली घातली आणि अंगठ्यानं म्हातारीकडं दाखवलं. स्वतःची त्याला लाज वाटली. तरी हात त्यानं मागे घेतला नाही.

"म्या न्हाई," सुगंधाबाई म्हणाली. "माझी लेक तिकडं एकली हाय हो."

पण मघाचा ठसका सगळ्यांनी ऐकलेला होता. ती भुजंगकडं वळली. मग त्याच्या पलीकडं, खिडकीशी बसलेल्या बेबीनंदाकडं तिनं बघितलं. लाडवांचं गाठोडं छातीशी धरून उठली.

"लवंग चावू नको म्हणावं तिला," दाराशी जाताना ती भुजंगला म्हणाली. "नुसती धर म्हणावं, दाढंत."

जीपवाल्यांनी तिला मागं बसवलं. म्हातारी गाठोड्यावर हात ठेवून औरंगाबादच्या रस्त्याकडं बघत होती आणि जीप जालन्याकडं वळली.

स्टँडवर ठेवलेला एक कामगार ब्लिचिंग पावडरचं घमेलं घेऊन गाडीत चढला. बाकावर, बाकाखाली, दारापर्यंत त्यानं मुठी भरभरून पावडर उडवली. तो उग्र वास नाकात गेला आणि आधी आबारावला खोकला आला, मग ड्रायव्हरला, मग कापूर-वेलचीवाल्यांना. उतरवा म्हणणारे डोळे पुसत खोकत होते. पाहता पाहता सगळी गाडी खोकू लागली.

भुजंग बायकोच्या कानाशी वाकला.

"बेबी," तो म्हणाला, "आता खोक. पोटभर खोकून घे."